हमीद सरांची पकड

पकडलेल्या माणसाला मी माझ्याच हाताने सोडलं होतं. त्यापायी मडावी काकांच्या खांद्यावर सात टाके पडले.

ठाण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हाला आज सांगते, कारण आज सकाळी हमीद सर गेले.

सर म्हणजे दिग्रसचे मोटरसायकल मेकॅनिक. तरुणपणी नागपूरला हॅपकिडो शिकलेले, ब्लॅक बेल्ट. दर रविवारी ठाण्यामागच्या मैदानात आम्हाला शिकवायचे.
कला कोरियाची, गुरू गॅरेजवाला आणि विद्यार्थी आम्ही पोट सुटलेले पोलीस. येणारेजाणारे थांबून हसायचे.

मनगट असं वळवायचं की समोरचा आपोआप खाली बसतो. लाठी नको, मार नको.
"हाड मोडाचं नाही बेटा. उद्या त्याले त्याच हातानं कापूस येचाचा हाय."

आणि एक नियम. सरावात जोडीदाराने 'बस' म्हणून दोनदा हात आपटला की त्याच क्षणी सोडायचं.
एकाने गंमत म्हणून उशिरा सोडलं, तर सरांनी त्याला महिनाभर मैदानात पाय ठेवू दिला नाही.

चार वर्षं मी हेच गिरवलं.

मग तो बाजाराचा दिवस. भर दुपारी एकाने विळा घेऊन सख्ख्या भावाला कांद्याच्या ढिगावर रेटलेलं. गर्दी मागे सरकलेली, पुढे मी आणि हवालदार मडावी काका.
मी मनगट धरलं, वळवलं. विळा खाली, माणूस पालथा. अगदी सरांनी शिकवलं तसं.
काका बेडी काढत होते.
वेदनेने त्याने जमिनीवर हात आपटला. एकदा. दोनदा.

माझे हात आपोआप उघडले.

पुढचं दोन सेकंदांत झालं. त्याने विळा उचलला, काका मध्ये आले. रक्ताने शर्ट भिजला तरी काकांनी त्याला मिठी मारून धरून ठेवलं, मी बेडी ठोकली.

त्यानंतर दोन रविवार मी मैदानात गेले नाही. लाज वाटत होती.
सर ग्रीसच्या हातांनीच क्वार्टरवर आले.
"काहून येऊन नाही राह्यली?"
"सर, माझ्यामुळं काका मेले असते."
ते पायरीवर टेकले.
"चूक तुही नाही. मीच अर्धं शिकवलं. हात आपटला का जोर सोडाचा. पकड नाही. बेडी लागेस्तोवर पकड सोडाचीच नाही."

पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर त्यांनी मडावी काकांची माफी मागितली. स्वतःचं मनगट माझ्या हातात दिलं आणि ही एकच गोष्ट माझ्याकडून शंभरदा करून घेतली.
त्यानंतर माझ्या हातून कुणी सुटलं नाही, आणि कुणाचं हाडही मोडलं नाही.

परवा मी यवतमाळच्या दवाखान्यात सरांना भेटायला गेले होते. त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलणं बंद. मी त्यांचा हात घट्ट धरून बसले होते, फारच घट्ट.
सरांनी दुसरा हात पलंगाच्या दांडीवर आपटला. एकदा. दोनदा.
"पानी मांगून राह्यले का?" सरांच्या बायकोने, चाचींनी विचारलं.
मला कळलं होतं.

जोर सोडला.
पकड नाही सोडली. चाची 'सोड आता' म्हणाल्या तरी नाही.

सर, तुम्ही शिकवला तसा, कमरेतून वाकून शेवटचा नमस्कार.