उलटा ढाळ

सौंसरला आम्ही घर बांधलं आणि बाथरूमचा ढाळ उलटा निघाला. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे यायचं, आणि दाराला लागूनच आईची खोली. आई गुडघ्यांनी आधीच जेरीस आलेली. अंघोळ झाली की ती भिंत धरून त्या पाण्यातून यायची आणि बाहेर माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

दुसरा कोणी ठेकेदार असता तर त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण आमचा ठेकेदार म्हणजे बहिणीचा भासरा, तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. घरचाच माणूस आहे, काम नीट करेल, म्हणून पांढुर्ण्याहून आम्हीच त्याला बोलावलं होतं. लेक दिलेल्या घराशी आमच्याकडे वरच्या आवाजात बोलत नाहीत. इथं बोललेलं तिकडे तिला ऐकून घ्यावं लागतं.

शनिवारी तो जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायचा आणि परतताना आमच्याकडे थांबायचा. कपाळाला शेंदूर, हातात प्रसाद. प्रसाद हातावर घेऊन माणूस भांडणार कसा? मी ढाळाचा विषय काढला की तो आत डोकावायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "करून राहिलो ना भाऊ." आमच्या बोलीतला हा शब्द मोठा सोयीचा. कामाला हातही लागलेला नसतो आणि नाही म्हटल्याचा वाईटपणाही येत नाही. मग चहा व्हायचा आणि तो गाडीला किक मारायचा.

शेवटी वैतागून मी दुसरा मिस्त्री ठरवला. ते बहिणीच्या कानावर गेलं आणि तिचा फोन आला. भासऱ्याचं काम दुसऱ्यानं फोडलं तर चारचौघांत त्याचं नाक कापल्यासारखं होईल, म्हणाली. मी चिडून आईचं काय असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली,

"दादा, मले तिथं राहाचं हाये."

मिस्त्र्याला मी नको म्हणून सांगितलं. हात असा दगडाखाली सापडला की स्वतःच्या नव्या घराचीही चीड येते. मला ती रोज सकाळी यायची, बाथरूमच्या नळाचा आवाज सुरू झाला की.

आणि एक दिवस आई घसरलीच. मनगट मोडलं, प्लास्टर चढलं. आता मात्र काय व्हायचं ते होऊ दे, बोलायचंच, असं मी ठरवलं. भासरा आईला बघायला आला तो बहिणीला सोबत घेऊनच. ती दाराशी उभी राहिली. तिचा चेहरा पार उतरला होता. त्यानं खुर्ची ओढली आणि हे झालं कसं, असं आईला विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईच बोलली.

"माहाच पाय वाकडा पडला जी. बाथरूम चांगलं हाये तुमचं."

त्याचा चेहरा मोकळा झाला. "मी बी घरी हेच सांगतलं होतं," तो बहिणीकडे वळून म्हणाला. कोपऱ्यातलं फडकं घेऊन ती खाली बसली आणि आईच्या पलंगाखाली आलेलं पाणी पुसायला लागली.