तळावरची साय

पहाटे पावणेचारला ओळंब्याचा दिवस सुरू व्हायचा. सार्वजनिक नळ तीन गल्ल्या सोडून होता. तिथून चार खेपा पाणी भरून तो पाचला नदीवर यायचा. तोवर मी होडी लोटलेली असे. सातला वरचे कारखाने पाणी सोडत. काम त्याआधी उरकायचं.

पूर्वी तो गवंड्याच्या हाताखाली होता. त्याला काहीही तिरकं खपायचं नाही, म्हणून भिंत सरळ आहे का ते बघायच्या दोरीवरून नाव पडलं ओळंबा. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी आम्हा दोघांना रोजावर घेतलं, नदीच्या तळाचा गाळ काढायला. हातभर लांब पारदर्शक नळी. छातीभर पाण्यात बुडी मारून ती तळात सरळ खुपसायची, वर बूच लावायचं, मग खालून तळवा लावायचा आणि गाळ न हलवता वर आणायची. नळी कलली की थर मिसळले, मेहनत पाण्यात. मी होडी धरायचो, बुडी तो मारायचा. पाणी गटाराचं. थेंब ओठाला लागला तरी दिवसभर घास उतरायचा नाही.

अकरा ठिकाणं, तीन महिने. एकही नळी तिरकी नाही. मजुरी काम संपल्यावर एकदम मिळणार होती आणि तिचं काय करायचं ते त्याच्या बायकोने ठरवून टाकलं होतं: घरात नळ.

"भाऊजी, यांना सांगा, होडीत गप्पा कमी मारा. माझी कंबर नळाची वाट बघतेय."

"कंबर राहिलीय कुठे आता!" असं म्हणून तो हंडा उचलायचा.

तिसरा महिना संपताना मॅडमनी बोलावलं. नळ्या ओळीने उभ्या होत्या.

"तळ मेला, असं लिहावं लागणार," त्या म्हणाल्या. "अकराही ठिकाणी वरचा थर नाहीच."

"कुठला थर?" ओळंब्याने विचारलं.

त्यांनी समजावलं. मुतारीत नाकाला झोंबतो तो अमोनिया. गटारातून तो नदीत येतो. तळावर सायीसारखा तपकिरी पापुद्रा असतो, त्याला हवा मिळते. त्यातले जंतू अमोनियाचं नायट्रेट करतात. खालच्या काळ्या गाळात हवा नाही. तिथले जंतू त्या नायट्रेटचा साधा वायू करतात आणि तो हवेत निघून जातो.

"म्हणजे एकाने खरकटं काढायचं, दुसऱ्याने भांडी घासायची," मी म्हणालो.

"तसंच. पहिलाच नसेल तर दुसऱ्याला काम नाही. मग सगळा तळ यंत्राने खरवडून टाकतील."

ओळंब्याचा चेहरा उतरला. काय झालं ते मलाही कळलं. नळी वर आली की गाळावर गढूळ पाणी आणि मऊ तपकिरी राड असायची. 'वर पाणी राहू द्या,' एवढंच मॅडमनी सांगितलं होतं. याला ते गढूळ बघवायचं नाही. तो ते घाण म्हणून ओतायचा आणि घरून आणलेलं नळाचं स्वच्छ पाणी हळूच भरायचा. मी रोज बघायचो आणि मनात म्हणायचो, काम असावं तर असं.

मी त्याच्या पायावर पाय दिला. त्याने पाय काढून घेतला.

"मॅडम, थर होता. मी ओतून टाकला."

"सगळ्या नळ्यांतला?"

"सगळ्या. पुन्हा काढून देतो. झालेल्याची मजुरी नको."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "लेका, तोंड शिवलं असतंस तर नळ आला असता."

"वाकड्या भिंतीचे पैसे घेतात का?"

बायको चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाण्याला मात्र दोघं बरोबरच जात.

दुसरी फेरी थंडीत. शेवटच्या पहाटे, तळवा लावताना गाळातली काच त्याच्या हातात घुसली. नळी सोडली नाही त्याने. सरळ वर आणली, साय जागच्या जागी. मग रक्त दिसलं.

"फडकं बांध. तीनच राहिल्यात."

मी बांधलं. वल्हं माझ्या हातात होतं, होडी फिरवता आली असती. फिरवली नाही.

तपकिरी थर चार ठिकाणी निघाला, तोही कागदाएवढा पातळ. सात ठिकाणी तळ खरोखरच काळा होता. त्या चार जागांना हात लावू नका, असं मॅडमनी लिहिलं. पुढे यंत्र आलं ते अकराही ठिकाणी फिरलं.

यंत्र येण्याच्या कितीतरी आधी, काच लागल्यावर आठवडाभरातच, ओळंब्याचा हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा झाला होता. दुसऱ्या फेरीची मजुरी मॅडमनी दवाखान्यात आणून दिली. बायकोने ती न मोजता तशीच बिलाच्या खिडकीत सरकवली. त्या पैशांत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं काढून झाली.