घंटा थांबेपर्यंत

सभागृहाच्या दरवानाला सगळे कडीकाका म्हणत. मतदानाआधी तीन मिनिटं घंटा वाजायची आणि ती थांबली की काकांनी पितळी कडी घालायची. मग बाहेर राहिला तो बाहेर, मंत्री असला तरी. एकोणतीस वर्षांत ती कडी कधी आधी पडली नाही की उशिरा.

यंदाचं सरकार म्हणजे उसन्या टेकूवरचा मांडव. स्वतःचं बहुमत नाही, तिघा सदस्यांच्या चिमुकल्या पक्षानं बाहेरून पाठिंबा दिलेला. बाहेरून म्हणजे कसा, हे काका बायकोला समजावायचे, की पंगतीला बसायचं नाही, पण यजमानाला कुणी उठवायला आलं तर आडवं पडायचं. त्या तिघांतला एक तिचाच धाकटा भाऊ.

मग सरकारनं या मेहुण्याच्या गावचं इस्पितळ बंद करायचं ठरवलं. काकांच्या सासूबाईंचं रक्त आठवड्यातून तीनदा तिथल्याच मशीनवर शुद्ध व्हायचं. विरोधकांनी संधी साधून अविश्वासाचा ठराव आणला. तिघांतला एक गळाला तरी सरकार उताणं पडणार होतं.

मेहुण्याची गत दोन्हीकडून भाजल्यासारखी झाली. सरकारला वाचवावं तर गाव दारात उभं करणार नाही, पक्षाचा हुकूम मोडावा तर सदस्यत्व जाणार. त्या सकाळी त्यानं काकांना जिन्याखाली गाठलं.

"भाऊजी, मी धावत येतो. दोन पावलांवर आलो की कडी घाला. घंटा वाजत असली तरी."

म्हणजे चूक दरवानाची ठरणार. निवृत्तीला चार महिने उरलेत, फार तर कानउघाडणी होईल, असंही वर म्हणाला. काका गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे संमती, हे मेहुणा सभागृहातच शिकला होता. तो हलका होऊन गेला. बायकोनं तर निघतानाच बजावलं होतं, की जन्मात एकदा तरी घरच्यांच्या कामी या.

घंटा वाजली. सदस्य आत शिरले. शेवटची दहा सेकंदं राहिली तेव्हा मेहुणा धापा टाकत आला आणि दोन पावलांवर थबकून कडीकडे बघत राहिला. आतून त्याचा पक्षप्रमुख मान उंचावून बघत होता. काकांचा हात कडीवर होता. सासूबाईंचे सुजलेले पाय डोळ्यांपुढे आले. कडी तसूभर सरकलीही.

"घंटा चालू आहे," काका म्हणाले. "आत या, साहेब."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मेहुण्याला साहेब म्हटलं. तो कान पाडून आत गेला. घंटा थांबली, कडी पडली. सरकार त्या एका मतानं तरलं.

संध्याकाळी घरी बायकोनं पाण्याचा तांब्या पुढ्यात ठेवला. रडली नाही, भांडलीही नाही.

"तुमचं दार बरोबर वेळेवर लागलं म्हणे. आता आईला कुठं न्यायचं?"

काकांनी सगळ्यात जवळच्या शहराचं नाव सांगितलं.

"जायला किती वेळ?"

"दोन तास."

"आणि यायला? तेही आठवड्यातून तीनदा?"

काकांनी तांब्या उचलला, पण पाणी काही प्याले नाहीत.