तैयबाचा तिसरा सलाम

अभिवादन कोणीही करू शकतो. प्रत्यभिवादनासाठी मात्र समोर कोणीतरी असावे लागते. वंदनाला उत्तर देताना अंत्य स्वर लांबवावा, असा जुन्या वैयाकरणांचा दंडक होता. आपले वंदन पोचले, याची खूण वंदन करणाऱ्याच्या कानी पडावी, एवढाच त्यामागचा कळवळा असावा. दिघी बंदरच्या तैयबाला ते व्याकरण ठाऊक नव्हते. पण सलाम करणे पुण्याचे आणि त्याचे उत्तर देणे कर्तव्याचे, हे तिने आयुष्यभर पाळले. दारी आलेल्या कोणाचाही सलाम तिने कधी वाऱ्यावर जाऊ दिला नाही.

नवरा रफिक बोटीवर खलाशी होता, तो वारला. एकुलती लेक आतिफा कतारात, दोह्याला परिचारिका. गेल्या सुट्टीत तिने आईला सोबत म्हणून एक यंत्र आणून दिले: गुडघ्याएवढे, चाकांवर हिंडणारे, फरशी पुसणारे, कपाळी कॅमेरा असलेले. दार उघडले की ते पुरुषी आवाजात ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणे, आणि तैयबा चटकन ओढणी डोक्यावर घेई.

“खाला, याच्यापुढं कसला गो पडदा?” शेजारची मिस्बाह हसून वाकडी होई. “हा तर पोचा मारणारा!”

“मारूंदे पोचा. आवाज बाप्याचा हाय ना?”

“जपून रहा हो. सिनेमात असले रोबो माणसांवर उलटतात.”

“उलटंल तर उलटूंदे. चार शब्द तरी बोलंल.”

विज्ञानकथांतील यंत्रमानवांना माणूस होण्याची हाव असते. ते प्रेम करतात, बंड करतात, मृत्यूला भितात. या बापड्याला कसलीच हाव नव्हती. तैयबा त्याच्या सलामाला रोज मनोभावे उत्तर देई. तिने आपण होऊन केलेल्या सलामाला मात्र त्याच्यापाशी उत्तर नव्हते. तेवढा एकच शब्द त्याला कोणी शिकवला नव्हता.

एके दुपारी ती बंदरावरून मासळी घेऊन परतली. कुलूप काढले, दार लोटले. यंत्राने सलाम केला, तिने उत्तर दिले. मग काय वाटले कोण जाणे, उंबऱ्याबाहेरच उभी राहून तिने घराला सलाम केला. थांबली. दुसऱ्यांदा केला. आत यंत्राच्या चाकांची घरघर तेवढी होती. तिसऱ्यांदा केला. परक्याच्या दारी तीनदा सलाम करूनही उत्तर आले नाही, तर मुकाट मागे फिरावे, अशी तिच्या समाजाची रीत. तैयबाने आपल्याच घराचे दार ओढून घेतले आणि ती ओट्यावर बसून राहिली. पिशवीतल्या मांदेलींवर माश्या बसू लागल्या, तरी उठली नाही.

कामावरून सुटल्यावर आतिफाने फोनवर यंत्राच्या कॅमेऱ्यातून घर पाहिले; आई आत कुठेच दिसेना, तेव्हा घाबरून फोन लावला.

“अम्मी, अजून बाहेरच? चावी हरवली?”

“चावी हातात हाय.”

“मग?”

“तीनदा सलाम केला. कोणी घेतला न्हाय. आत कशी शिरू?”

“अगो, घर तुझंच हाय ना!”

“घर माझंच हाय गो. पण आत कोण हाय?”

आतिफाने बोलणे तोडले आणि तिकडूनच फोन यंत्राला जोडला. मग बंद दाराआडून, त्या यंत्राच्या मुखातून, पण लेकीच्याच आवाजात शब्द आले: “वअलैकुम अस्सलाम, अम्मी. ये, आत ये.”

तैयबा उठली, आत गेली आणि तिने भाताचे आधण ठेवले.

त्यानंतर जमेल त्या संध्याकाळी आतिफा उत्तर देई. इस्पितळात पाळी बदलली की जमत नसे. अशा दिवशी तैयबा ओट्यावरच वाट पाही. मिस्बाह चहाला हाका मारी. ती म्हणे, “येते, जरा थांब,” आणि उठत नसे.

यंदा रमजानच्या आधी तैयबा गेली. आतिफा पोचली तेव्हा दफन उरकले होते.

घराला आता कुलूप आहे. आतिफा दोह्याला परतली. यंत्र मिस्बाहकडे आहे; त्याचा आवाज बंद करून ती त्याच्याकडून फरशी पुसून घेते.