खंडेनवमीचा मान

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा असते. यंदा वेल्डिंगच्या नव्या रोबोटलाही झेंडूचा हार घातला होता. दिवाळीनंतर शिंदेकाकांचं काम तोच करणार, आणि पूजेचा मान साहेबांनी दिला तो शिंदेकाकांनाच! कुंकवाचं बोट हवेत धरून काका थांबले.

"अरे, याला कपाळ कुठंय?"

"नाहीये तेच बरं, काका. असतं तर आपल्यासारखं फुटलं असतं," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

माझं यंत्राशी भांडण नाही. वेल्डिंगच्या उजेडानं काकांचे डोळे रात्रभर चुरचुरायचे. ते थांबलं तर चांगलंच की. पण वाचलेले कष्ट मालकाच्या नफ्यात जमा आणि रिकामे हात तेवढे कामगाराच्या वाट्याला, ही कुठली वाटणी? यंत्राला आपण हार घालतो. ते कुणाच्या भल्यासाठी आणलं, हे विचारायला मात्र कचरतो.

काकांनी नारळ फोडला. साहेबांनी प्रसादासाठी हात पुढे केला. काकांनी त्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"घ्या साहेब. आमच्या हातात तर दिवाळीनंतर अख्खा नारळच द्यायचाय तुम्हाला."