आप्पांच्या कॉटपाशी दिलेली कबुली

चहा गरम हाय तवर ऐकून घ्या. माझ्याच शहाणपणाची गोष्ट हाय, गार झाल्यावर गोड लागायची न्हाई.

आप्पा म्हंजी माझे सख्खे चुलते. राहू गावात आमची शेतं शेजारी, मधे एकच बांध. त्या बांधापायी सहा वर्षं बोलणं बंद! त्यांचं म्हणणं, मी बांध कोरून त्यांची जमीन खाल्ली. मी म्हणायचो, म्हसोबाची आण, एक ढेकूळ हलवलं न्हाई.

तर झालं काय, आप्पांचा पाय सुजला, ताप चढला, दवाखान्यात ठेवलं. चार दिवसांनी गाडी परत दारात. मी गोठ्यातनं बघतोय. आप्पा आडवे, हाताला सलाइनची नळी. मागनं टेम्पोत दांडा फिरवून वर-खाली व्हणारी कॉट. आन् संगं एक सिस्टर!

आता तुम्हीच सांगा, बरा झालेला माणूस आपल्याकडं घरी कसा येतो? चालत! नळीसकट आडवा आणला की गाव काय समजतं? डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या, सेवा करा. मागं आमच्या आळीतल्या दामूअण्णाला असंच आणलं, तिसऱ्या दिवशी आम्ही सरपण रचत व्हतो.

"आवं, आता तरी जावा, पाय धरा त्यांचे," बायको म्हणाली.

ह्याच आप्पांनी मला खांद्यावर बसवून यवतचा बाजार दाखवलेला. ते असेच गेले तर खोटी आण जन्मभर माझ्या मानगुटीवर! देवघरातलं गंगाजल घेतलं, तुळशीचं पान घेतलं आन् निघालो.

कॅलेंडरच्या खिळ्याला सलाइन टांगलेली. सिस्टरनं मोबाईल आप्पांसमोर स्टुलावर उभा केलेला, त्यातनं डॉक्टर बघत व्हते. म्हटलं, बघा, आता यायचे कष्टबी घेत न्हाईत! सिस्टर गाणं गुणगुणत बीपी लिहीत व्हती. म्हटलं, ह्यांना रोजचंच.

आप्पांचे डोळे मिटलेले. मी पाय धरला.

"दुसरा धरा," सिस्टर म्हणाली, "त्याला सूज आहे."

मी दुसरा धरला. "आप्पा, चुकलो. बांध मीच कोरला. दर नांगरटीला थोडा थोडा. दोन फूट असंल. आण खोटी घेतली. माफ करा मला आन् सुखानं जावा."

आन् रडत रडत चमच्यानं गंगाजल तोंडाला लावलं.

"अहो, काय पाजताय? पाणी उकळलेलं आहे का?" सिस्टर ओरडली.

आप्पांनी एक डोळा उघडला. "कुठं जाऊ रं सुखानं?"

मी चमचा खाली ठेवला. मग सिस्टरनं समजावलं. इंजेक्शनं अजून तीन दिवस द्यायची, पण तेवढ्यासाठी दवाखान्यात पडून राहायची गरज न्हाई. ती रोज स्कूटीवर येऊन घरीच देणार. हल्ली बऱ्याच जणांचं असंच करतात म्हणं. "आजोबा ठणठणीत आहेत," म्हणाली.

मोबाईलमधले डॉक्टर मान डोलवत व्हते. म्हंजी त्यांनीबी सगळं ऐकलं व्हतं!

"सिस्टर, दोन फूट म्हणाला न्हवं हा?" आप्पा उठून बसले.

"हो, दोन फूट."

"डॉक्टरसायेब, तुम्हीबी साक्षीला बरं का!"

मोबाईलमधनं आवाज आला, "आप्पा, पाय उशीवर ठेवा आधी."

पाचव्या दिवशी आप्पा काठी टेकत बांधावर हजर, खिशात मोजायची टेप. हद्दीचा जुना दगड त्यांनी बरोबर दाखवला. टेपचं दुसरं टोक धरायला कोण? मीच की!

कबूल केले व्हते दोन फूट. भरले तीन.