दोन आमंत्रणं आणि उतारावरची जीप

नाशिकच्या द्वारका चौकातून सकाळी आमची जीप सुटली तेव्हा माझ्या पोटात भूकही होती आणि भीतीही. सुरगाण्याजवळच्या एका पाड्यावर (छोट्या वस्तीवर) मला नव्या भाताच्या जेवणाचं आमंत्रण होतं. एक नव्हे, दोन. देवराम आणि काशिनाथ हे सख्खे भाऊ, दोघेही माझे जुने विद्यार्थी. वडील गेल्यावर खळ्यावरून (मळणीच्या जागेवरून) भांडले आणि बोलणंच थांबलं. दोघांनी फोनवर एकच दम दिला होता, "गुरुजी, आधी त्याच्याकडं जेवलात तर आपलं संपलं." उभा जन्म मी पोरांना लढाया शिकवल्या, पण एवढी अवघड एकही नव्हती.

घाट चढताना हे रडगाणं मी ड्रायव्हर युनूसभाईंपुढे गायलं. ते हसले. "सर, मदिन्यात हेच झालं होतं की!"

गोष्ट मलाही ठाऊक होती आणि इतिहासाचा मास्तर गप्प थोडाच बसणार? एकमेकांना तोडत आम्ही दोघांनी ती सांगितली. मक्केत राहणं अशक्य झालं म्हणून पैगंबर उंटिणीवरून मदिन्याला आले. जो तो उंटिणीची दोरी धरून म्हणे, आमच्याकडे उतरा. कुणाचं मन मोडायचं? पैगंबर म्हणाले, तिला सोडा, तिला अल्लाचा हुकूम झालेला आहे. उंटीण आपल्या मनानं चालत गेली आणि बसली ती दोन पोरक्या भावांच्या खजूर वाळवायच्या जागेत. तिथंच पुढे मशीद उभी राहिली.

"आपणही गाडीलाच विचारू," युनूसभाई म्हणाले. "त्यांची बरोबरी आपण कोण करणार, तौबा! पण शहाणपण घ्यायला काय हरकत?"

पाड्यातला रस्ता उताराचा. वर देवरामचं घर, खाली काशिनाथचं, मध्ये ते खळं. दोघे आपापल्या दारात उभे. युनूसभाईंनी खिडकीतून डोकं काढून जाहीर केलं, "गाडी थांबेल तिथं गुरुजी जेवणार! कबूल?" सगळा पाडा बघायला लोटलेला, नाही कोण म्हणणार? इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला.

जीप देवरामच्या दारावरून सरकली. त्याचं तोंड उतरलं. काशिनाथ मिशीत हसू लागला. आणि जीप खळ्यापाशी थबकली.

दोघे भाऊ दारातून हलेनात. शेवटी देवरामची बायको ताट घेऊन खळ्यावर आली. ते पाहून काशिनाथची बायको टोपलं घेऊन पळत वर आली. वाफाळता भात, उडदाची आमटी, नागलीच्या (नाचणीच्या) भाकरी, खुरासणीची (कारळ्यांची) चटणी. मी मध्ये, भाऊ दोन बाजूंना, तोंडं फिरवून. देवरामकडची चटणी जहाल होती. काशिनाथला ठसका लागला तसा देवरामनं न बोलता पाण्याचा तांब्या सरकवला.

"आईच्या हातची चव हाय," काशिनाथ ताटाकडे बघत पुटपुटला. "वहिनीला सांगा कोणी."

"तूच सांग की," देवराम म्हणाला. "तुला तोंड नाय?"

मला इतका आनंद झाला की मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

उतारावर जीप मध्येच थांबते कशी, हा प्रश्न मला परतीच्या घाटात पडला. माझं विज्ञान तेवढंच! मी युनूसभाईंकडे पाहिलं.

"उंटिणीला ब्रेक नव्हता, सर," ते रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले.

नाशिक जवळ आलं तसा देवरामचा फोन आला. "गुरुजी, पोचलात का?" मागून काशिनाथ ओरडत होता, "दादा, दे ना इकडं, मला बोलायचंय!" "थांब रं, माझं होऊ दे!" फोनसाठी दोघांची झटापट चालली होती. या भांडणात मात्र मी अजिबात पडलो नाही.